जबडा दुखतोय? दातांवर मशीन फिरू देण्याआधी

साताऱ्यात दाताचा दवाखाना चालवायला लागून मला पंचवीस वर्षं होऊन गेली. सुरुवातीच्या काळातली माझी एक चूक आधी सांगते, म्हणजे पुढे मी एकाच गोष्टीवर इतकी का अडून बसते ते कळेल.

ऐन लग्नसराई होती. आमच्याच गल्लीत ब्लाउज शिवणाऱ्या एक ताई आल्या. उजव्या कानापुढे ठणकत होतं आणि तीन दिवसांपासून चावताना उजव्या दाढा टेकतच नव्हत्या. "मॅडम, डावीकडचा हा दात उंच झालाय बघा, तोच आधी आपटतो." मी निळा कागद दातांत धरायला दिला, चावून बघा म्हटलं. डाव्या सुळ्यावर गडद ठिपका उमटला. ठिपका दिसला की घालवायचा, ही सवय हाताला तेव्हा नवीनच लागली होती. सुळा जरासा झिजवला. आठवड्याने ताई परत आल्या, तेव्हा शेजारचा दात झिजवला. तिसऱ्यांदा आल्या, तेव्हा अजून थोडं. मग मुहूर्त संपले, रात्री एकपर्यंत मशीन मारणं थांबलं आणि पंधरा दिवसांत त्यांचं दुखणं आपोआप ओसरलं. जबडा मूळ जागी आला, उजव्या दाढा टेकायला लागल्या. आणि मी झिजवलेले डावीकडचे दात आता खालच्या दातांना लागेनात! दाताचं कवच नखासारखं परत वाढत नाही. शेवटी त्या जागी मीच सिमेंट भरून दिलं, अर्थातच पैसे न घेता.

झालं होतं असं. दातांनी धागा तोडून, दातांत टाचण्या धरून, मान खाली घालून तासन् तास बसून त्यांच्या उजव्या बाजूचा स्नायू आखडला होता. स्नायू आखडला किंवा सांध्याला सूज आली की खालचा जबडा दुसऱ्या बाजूला केसभर सरकतो. मग दुखऱ्या बाजूच्या दाढा उघड्या पडतात आणि दुसऱ्या बाजूचे पुढचे दात आधी आपटतात. दात उंच झाला म्हणून जबडा दुखतोय, असं त्यांना वाटलं आणि मलाही. खरी गोष्ट नेमकी उलटी होती.

तेव्हापासून माझा नियम आहे: जबड्याच्या दुखण्यात सुरुवातीला जे काही करायचं ते परत पुसून टाकता येण्यासारखं असलं पाहिजे. शेक पुसता येतो, व्यायाम पुसता येतो, तोंडातून काढून ठेवायची प्लेटही पुसता येते. झिजवलेला दात पुसता येत नाही.

आधी हाताने ओळख करून घ्या

कानाच्या भोकापुढे, दोन्ही बाजूंना, एकेक बोट ठेवा आणि तोंड सावकाश उघडा. बोटाखाली एक गोटी पुढे सरकताना लागेल. तो जबड्याचा सांधा. बिजागरीसारखा आधी फिरतो आणि मग खणासारखा पुढे सरकतो. हाडांच्या मध्ये कुर्चेसारखी एक पातळ चकती असते. ती जागेवरून थोडी पुढे घसरली की तोंड उघडताना 'कट्' असा आवाज येतो. आता बोटं गालांवर, जबड्याच्या कोपऱ्याच्या जरा वर ठेवा आणि दात आवळा. टणक गोळा वर येतो, तो मॅसेटर. मग बोटं कानशिलावर न्या आणि पुन्हा आवळा. पंख्यासारखा पसरलेला टेम्पोरॅलिस फुगलेला लागेल. आत आणखी दोन स्नायू आहेत, ते बोटाला सहज सापडत नाहीत.

या चारही स्नायूंना हुकूम देणारी नस एकच: ट्रायजेमिनल, म्हणजे मेंदूतून निघणारी पाचवी. तिच्या तीन शाखा आहेत. सगळ्यात खालची शाखा चावण्याचे स्नायू चालवते आणि खालचे दात, खालचा ओठ, कानापुढची कातडी यांची खबरही मेंदूला पोचवते. चाळीत चार बिऱ्हाडांना मिळून एकच बेल असावी, तसा प्रकार. बेल वाजली की मेंदू कधीकधी चुकीचं दार उघडतो. मॅसेटर आखडतो आणि माणूस खालची दाढ दुखतेय म्हणून येतो. टेम्पोरॅलिस आखडतो आणि वरचे दात ठणकतात. मानेच्या वरच्या नसांची खबरही मेंदूत त्याच ठिकाणाजवळ पोचते, म्हणून मान धरली की जबडा धरतो आणि जबडा धरला की डोकं. कान दुखतो म्हणून कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन, 'कान स्वच्छ आहे' असं ऐकून मग माझ्याकडे आलेले पेशंट मी महिन्याला दोन-तीन तरी बघते.

दुखणं कुणाचं, ते घरी कसं बघायचं

एक कागद घ्या. आठ दिवस पुरेल अशी वही असली तर अजून चांगलं.

आरशासमोर तोंड उघडा. तुमचीच तीन बोटं, तर्जनी, मधलं आणि अनामिका, उभी एकावर एक वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये मावतात का? मोठ्या माणसाचं तोंड साधारण चाळीस ते पंचावन्न मिलिमीटर उघडतं. मुलांच्या कंपासपेटीतली पट्टी धुऊन घ्या आणि वरच्या दाताच्या कडेपासून खालच्या दाताच्या कडेपर्यंत मोजून तारीख टाकून लिहा. पस्तिसाच्या खाली आकडा असेल तर घरगुती उपायांवर दिवस काढू नका. उघडताना हनुवटी एका बाजूला जाऊन परत मध्ये येते, की तिकडेच राहते, हेही लिहा. मध्ये येत असेल आणि त्याच वेळी 'कट्' होत असेल तर चकती सरकून परत जागी बसतेय. आवाज अचानक बंद झाला, तोंड कमी उघडायला लागलं आणि हनुवटी एकाच बाजूला ओढली जाते, तर बहुधा चकती अडकलीय. आवाज गेला म्हणून आनंदाने घरी बसलेले लोक मला भेटलेत.

आता दाबून बघायचं. किती दाबायचं? स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर बोटाच्या टोकाने दाबा आणि एक किलो आकडा येईपर्यंत हाताला सवय करा. गालाच्या आणि कानशिलाच्या स्नायूवर तेवढा दाब पुरे. सांध्याच्या गोटीवर त्याच्या निम्मा. निदानाचे जे निकष तज्ज्ञांनी मिळून २०१४ साली छापले, त्यांत हेच आकडे आहेत. दाबल्यावर नुसतं दुखलं तर काही सिद्ध होत नाही, जोरात दाबलं की कुणालाही दुखतं. प्रश्न असा विचारायचा: 'मला रोज छळतं ते हेच का?' उत्तर 'हो, अगदी हेच' असं आलं तर मालक सापडला.

दातच दुखत असेल तर तो वेगळं वागतो. गार पाण्याने कळ येते, एकाच दातावर टिचकी मारली की कळतं, रात्री आडवं झाल्यावर ठणका वाढतो. चावून सोडताना एकदम कळ आली तर दाताला चीर असण्याचा संशय घ्यावा. स्नायूचं दुखणं बोथट, पसरट, सकाळी उठल्यावर किंवा संध्याकाळी थकल्यावर जास्त. बोटाने एक जागा दाखवता येत नाही, अख्खा तळहात गालावर ठेवून माणूस सांगतो, 'इथं सगळीकडे.' पेशंट हात कसा ठेवतो ते मी आधी बघते.

आता काही दुखणी अशी आहेत की त्यांत पुढचं वाचत बसू नका, सरळ डॉक्टर गाठा. तोंड धुताना, दात घासताना, वाऱ्याची झुळूक लागली तरी गालात विजेचा झटका बसावा तशी काही सेकंदांची कळ येते, हे नसेचं दुखणं आहे, ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. त्याला न्यूरॉलॉजिस्ट लागतो, एमआरआय लागतो आणि कार्बामाझेपिनसारखं औषध लागतं. दाढ काढून ते जात नाही. एकामागून एक तीन दाढा काढून आलेल्या आजी मी पाहिल्यात. पन्नाशीनंतर नव्यानेच कानशील दुखायला लागलं, चावताना जबडा भरून येतो, नजर धूसर होते, तर त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलात जा. कानशिलाची रक्तवाहिनी सुजलेली असू शकते आणि उशीर झाला तर डोळा जातो. जिना चढताना जबडा दुखतो आणि बसलं की थांबतो, तर हृदयाची तपासणी. सूज, ताप आणि तोंड उघडत नाही, तर बहुतेक अक्कलदाढेचा पू. जखम झाल्यावर काही दिवसांनी दातखिळी बसायला लागली तर धनुर्वात. तिथे मिनिटं मोजायची.

आणि आपल्या महाराष्ट्रातली एक गोष्ट वेगळी सांगायलाच हवी. पंचवीस-तीस वर्षांचा मुलगा तोंड उघडत नाही म्हणून आला की मी जबड्याआधी खिसा विचारते. गुटखा, मावा, विदर्भाकडचा असेल तर खर्रा. इथे २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी पुड्या सापडतातच. सुपारीने गालाचं आतलं अस्तर पांढरट आणि चिवट होतं, तिखट सहन होत नाही, मग हळूहळू तोंड बंद होत जातं. त्यात जबड्याच्या स्नायूंचा दोष नसतो आणि नाइट गार्डने, म्हणजे रात्री दातांवर चढवायच्या प्लेटने, काही होत नाही. हा आजार पुढे कॅन्सरकडे झुकू शकतो. पहिलं औषध सुपारी थांबवणं, त्याच दिवसापासून.

चार आठवडे घरी करायचं ते

वरचं काही नसेल आणि दुखणं स्नायूंचं असेल तर बहुतेकांना एवढ्यानेच उतार पडतो. पण करावं लागतं, नुसतं वाचून भागत नाही.

आत्ता हे वाचताना तुमचे वरचे-खालचे दात एकमेकांना टेकलेत का? टेकले असतील तर तिथूनच सुरुवात. जबडा आरामात असताना दातांमध्ये दोन ते चार मिलिमीटरची फट असते. चावणं आणि गिळणं धरून दिवसभरात दात एकमेकांना मोजून वीसेक मिनिटंच टेकायला हवेत. दात आवळून एक्सेलच्या शीटकडे बघणारा माणूस ही वीस मिनिटं चहाच्या सुट्टीआधीच संपवतो. मी पेशंटला शिकवते: 'न' म्हणा आणि तिथेच थांबा. जीभेचं टोक वरच्या दातांमागे टेकलेलं, दात सुटलेले. आता ओठ मिटा. ओठ मिटलेले, दात सुटलेले, एवढा मंत्र पुरे. मोबाइलवर, कुकरवर, गाडीच्या स्पीडोमीटरवर, देवघराच्या दारावर छोटी लाल टिकली लावा. टिकली दिसली की 'न'. एमपीएससीची तयारी करणाऱ्या एका मुलीने पुस्तकाच्या दर दहाव्या पानावर टिकली लावली होती. तिचं कानशील तीन आठवड्यांत शांत झालं. परीक्षेचं काय झालं ते विचारायचं राहिलं.

शेक ओला हवा. पंचा गरम पाण्यात बुडवून पिळायचा, गालापासून कानशिलापर्यंत ठेवायचा, पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून दोनदा. गार झाला की परत बुडवा. आदल्या दिवशीच मार लागला असेल किंवा सांध्याला ताजी सूज असेल तर बर्फ, फडक्यात गुंडाळून, दहा मिनिटं. शेकानंतर बोटांनी मॅसेटरवर हळूहळू गोल चोळायचं. तेल कुठलंही चालतं, गुण तेलाचा नसून बोटांचा आहे.

जेवणात मऊ भात, खिचडी, मऊ भाकरी कुस्करून दुधात किंवा आमटीत, उपमा, केळं. चिक्की, ऊस, भाजलेलं कणीस, कडक बुंदीचा लाडू, सुपारी, च्युइंग गम बंद. पेरू-सफरचंद अख्खं चावायचं नाही, बारीक फोडी करायच्या. वडापाव खायचा झाला तर हाताने तुकडे करून. मोठा आ करायचा नाही एवढाच मुद्दा आहे. दोन्ही बाजूंनी चावा. एकाच बाजूने चावायची सवय असेल तर दुसरीकडे कुठली दाढ दुखतेय ते आधी बघून घ्या.

व्यायाम दोनच सांगते. पहिला: जीभ 'न'च्या जागी ठेवूनच तोंड उघडायचं, जीभ सुटणार नाही इतकंच. सहा वेळा, दिवसातून सहादा. सांधा नुसता फिरतो, पुढे सरकत नाही, म्हणून 'कट्' होत नाही. दुसरा: हनुवटीखाली मूठ ठेवून हलका विरोध करत तोंड उघडायचं, पाच सेकंद धरायचं. दुखलं तर जोर कमी करा. जांभई आली तर हीच मूठ हनुवटीखाली लावा, म्हणजे जबडा निखळायची भीती नाही. एखाद्याचा निखळलाच आणि तोंड उघडंच राहिलं, तर स्वतः आपटत बसू नका, कुणाला थोबाडीत मारायलाही सांगू नका. लगेच दवाखान्यात न्या. डॉक्टर दाढांवर अंगठे ठेवून आधी खाली आणि मग मागे ढकलून बसवतात. जितका उशीर तितके स्नायू आवळतात आणि काम अवघड होतं.

मानेकडे दुर्लक्ष करू नका. साताऱ्यात रस्त्यावर दहा मिनिटं उभं राहिलं तर खांदा आणि कान यांच्यामध्ये फोन दाबून टूव्हीलर चालवणारे चार तरी दिसतात. पोलिसांनी पकडावं असं आहेच, पण त्यातले काही माझ्याकडेही येतात. पोटावर, एक गाल उशीत खुपसून झोपणंही असंच.

गोळीचं विचाराल, तर पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनसारखी गोळी चार-पाच दिवस, तीही तुमच्या डॉक्टरांना विचारून. अ‍ॅसिडिटी, किडनी, बीपी, गरोदरपण असेल तर विचारल्याशिवाय मुळीच नाही.

झोपेत दात खाणाऱ्यांबद्दल थोडं. लहान मूल रात्री दात करकरतं म्हणून जंताचं औषध पाजणारी आजी प्रत्येक घरात असते. जंत असतील तर औषध द्यावं, पण दात खाण्याचा आणि जंतांचा संबंध पक्का नाही आणि बहुतेक मुलांचं ते वयानुसार सुटतं. मोठ्यांमध्ये मात्र रात्रीची दारू, संध्याकाळनंतरची कॉफी, सिगरेट, घोरणं-श्वास अडकणं आणि नैराश्यावरची काही औषधं यांची चौकशी करावी लागते. औषध स्वतःहून बंद करू नका, ज्यांनी दिलं त्यांना सांगा. 'दातओठ खाणं' हा शब्द आपण रागासाठी वापरतो तो उगाच नाही. कुणावर चिडून आहात ते मी पेशंटला विचारत नाही, पण सहसा ते स्वतःच सांगतात.

दवाखान्यात काय व्हायला हवं

वही घेऊन या. केव्हापासून, किती मिलिमीटर, कोणत्या बाजूला आणि त्याच्या आधीच्या पंधरा दिवसांत दाताचं काही काम झालं होतं का. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण नवीन कॅप किंवा सिमेंट उंच राहिलं असेल तर ते खरोखर लागतं. दातांना केसाहून पातळ वस्तूही जाणवते. भूल उतरायच्या आत 'बरोबर आहे ना?' विचारलं की बधिर झालेला माणूस 'हो' म्हणतो आणि घरी जाऊन दुसऱ्या दिवशी कळतं. अशा वेळी परत जाऊन ते नवीन कामच थोडं कमी करून घ्यावं, संकोच करू नये. नवीन कॅपवर मशीन फिरवणं आणि जन्मापासूनच्या धडधाकट दातावर फिरवणं यांत फरक आहे.

डॉक्टरांनी सांधा आणि स्नायू बोटांनी दाबून बघितले नाहीत, तोंड किती उघडतं ते मोजलं नाही आणि नुसता एक्स-रे बघून 'तुमचा बाइट (म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर बसण्याची पद्धत) बिघडलाय' म्हणाले, तर दुसरं मत घ्या. ओपीजी नावाच्या लांबट एक्स-रेत हाडं दिसतात, चकती दिसत नाही. चकतीसाठी एमआरआय लागतो आणि तोही प्रत्येकाला नाही. चकती अडकल्याची शंका असेल किंवा उपचारांनी फरक पडत नसेल तरच. नुसता आवाज येतो, दुखत नाही, तोंड पूर्ण उघडतं, अशा सांध्याला मी काहीच करत नाही. पेशंट जरा नाराज होऊन जातो, काहीतरी लिहून द्यायला हवं होतं असं त्याला वाटतं.

स्प्लिंट, म्हणजे लोक ज्याला नाइट गार्ड म्हणतात तो, मी काहींना देते. कडक, पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचा, बहुतेकदा वरच्या सगळ्या दातांवर बसणारा, वरून सपाट. निळ्या कागदाचे ठिपके त्याच्यावर पाडून सगळीकडे सारखे होईपर्यंत मी स्प्लिंट घासते. दात वाचतो, ठिपकेही मिळतात! रात्रीच घालायचा. फक्त पुढच्या दोन-चार दातांवर बसणारा तुकडा महिनोन्‌महिने वापरला तर मागच्या दाढा वर सरकून बाइट खरोखरच बदलतो. ऑनलाइन मिळणारे रबरी, उकळून चावायचे गार्ड काही जण रात्रभर चघळत बसतात.

स्प्लिंटबद्दल माझं मत गेल्या काही वर्षांत नरम झालंय. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २०२३ साली तीन महिन्यांहून जुन्या जबड्याच्या दुखण्यासाठी शिफारशी आल्या. त्यांनी ठाम पसंती कशाला दिली? समजावून सांगणं आणि घरचे व्यायाम, फिजिओथेरपिस्टने हाताने सैल करणं, देखरेखीखाली व्यायाम आणि विचार-सवयी बदलायला शिकवणारं समुपदेशन. साध्या स्प्लिंटबद्दल त्यांचा कल 'नको'कडे आहे आणि बाइट कायमचा बदलणाऱ्या स्प्लिंटला ठाम नकार. मी स्प्लिंट पूर्ण सोडलेला नाही. दात झिजत असतील तर ते वाचवायला तो हवाच. पण आता आधी चार आठवडे घरचं, मग फिजिओ, मग स्प्लिंट. फिजिओकडे दातवाल्यांनी पेशंट पाठवायची पद्धत आमच्याकडे फारशी नव्हती. कंबर-गुडघ्यांच्या रांगेत माझा पहिला 'जबडा' गेला तेव्हा तिथल्या मॅडमनी फोन करून विचारलं, चुकून पाठवलात का?

यंत्रं आणि कायमचे बदल

दात आणि जबड्याच्या दुखण्याचं नातं कानाच्या डॉक्टरने मांडलं, हे अनेकांना माहीत नसतं. अमेरिकेतल्या सेंट लुईसचे जेम्स कॉस्टेन यांनी १९३४ साली अकरा रुग्णांवरून लिहिलं की मागचे दात गेले की जबडा खचतो आणि कानाजवळच्या नसा दाबल्या जातात. नसा तशा दाबल्या जात नाहीत हे पुढे शरीररचना तपासणाऱ्यांनी दाखवून दिलं, पण 'बाइट दुरुस्त करा, दुखणं जाईल' हा विचार दातवाल्यांच्या मनात पक्का बसला. मग १९६० च्या दशकात सिअ‍ॅटलचे बर्नार्ड जँकलसन यांनी स्नायूंना बारीक विजेचे ठोके देऊन सैल करायचं आणि त्या सैल अवस्थेत जबडा जिथे येईल ती 'खरी' जागा मानायची, अशी पद्धत आणली. तिला न्यूरोमस्क्युलर दंतचिकित्सा म्हणतात. गालावर पॅच लावतात, दीड सेकंदाला एक ठोका, पाऊण-एक तास, सोबत स्नायूंच्या हालचालीचा आलेख.

ठोक्यांनी आराम वाटतो, ते खोटं नाही. गरम पंच्यानेही वाटतो. अडचण पुढच्या पायरीला आहे. त्या नव्या जागी जबडा कायम ठेवायचा तर सगळे दात कापून कॅप घालायच्या किंवा ब्रेसेसनी हलवायचे. सैल स्नायूने दाखवलेली जागा हीच बरी करणारी जागा, याचा भक्कम पुरावा मला अजून मिळालेला नाही. धडधाकट दात झिजवून दुखणं जातं का, याचा २००३ साली कॉक्रेनने, म्हणजे उपचारांचे पुरावे गोळा करून तपासणाऱ्या संस्थेने, आढावा घेतला, त्यातही फायदा दिसला नाही. अमेरिकन डेंटल असोसिएशनने या दुखण्यांची 'ओरोफेशियल पेन' ही शाखा २०२० साली स्वतंत्र मानली. न्यूरोमस्क्युलर ही शाखा मात्र त्यांच्या यादीत नाही आणि आपल्याकडच्या एमडीएसच्या, म्हणजे दातांच्या डॉक्टरांच्या पुढच्या पदवीच्या, शाखांतही नाही. इथे ओरल मेडिसिनवाले (तोंडाच्या आजारांचे), प्रोस्थोवाले (कृत्रिम दात-कॅप बसवणारे) किंवा ओरल सर्जन हे काम बघतात. अठ्ठावीस दातांना कॅप घालायला कुणी सुचवलं तर तीन प्रश्न विचारा: आधी काढून ठेवता येईल असं काही घालून किती महिने बघणार? दुखणं गेलं नाही तर मागे कसं फिरायचं? हे न करता काय होईल? उत्तर द्यायला डॉक्टर चिडले तर तेही एक उत्तरच.

म्हणजे बाइटचं काम कधीच करू नये असं नाही. मागच्या दाढा काढून वर्षं झाली आणि पुढच्याच दातांवर सगळा भार आहे, तर दात बसवायलाच हवेत. खालचे दात टाळूला टोचतात, एखादा दात उलटा बसून झिजतोय, तर ब्रेसेस. लहानपणी हनुवटीवर पडून सांधा जाम झालेलं मूल, चेहरा एका बाजूला वाढत चाललेला, तिथे सर्जनच लागतो आणि लवकर लागतो. पण ही कामं चावण्यासाठी, दातांसाठी, चेहऱ्यासाठी करायची. ब्रेसेस लावल्याने जबड्याचं दुखणं जाईल असं मी कुणाला सांगत नाही. ब्रेसेसमुळेच ते झालं, असंही नाही. आणि काहीही करायचं ते दुखणं शांत झाल्यावर. आखडलेल्या जबड्याचं माप घेणं म्हणजे सुजलेल्या पायाचं चपलेसाठी माप देणं.

त्या शिवणकामवाल्या ताई अजून माझ्याचकडे येतात. दिवाळीआधी मी ब्लाउज टाकायला गेले होते. धागा तोडायची छोटी कात्री त्यांनी नाडीला बांधून गळ्यात अडकवलेली, मीच सांगितलं होतं तशी. माप घेताना मात्र तोंडात चार टाचण्या. मी नुसतं बघितलं. त्यांनी टाचण्या न काढताच, जीभ जागेवर ठेवून, कसंबसं म्हटलं, "ओठात आहेत मॅडम. दात सुटलेत."